ठिपक्यासाठी जागा पाहिजे

माझ्या गल्लीत सत्तावीस घरं आहेत. त्यातली सव्वीस वसतिगृहं झाली. सत्ताविसावं माझं. मी घरात पोरं ठेवत नाही, डबे करत नाही, वर दोन मजले चढवून एकेका खोलीत चार चार कॉट कोंबत नाही, म्हणून गल्लीचा माझ्यावर आधीपासून राग. त्यात मी निवृत्त शिक्षिका. विज्ञान शिकवायचे. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय लागली ती निवृत्तीच्या दिवशी शाळेत ठेवून येता आली नाही. थोडक्यात, चंद्रप्रभाबाई ही काही कुणाची लाडकी बाई नव्हे. आणि मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं.

मग ठिपक्या आला.

मृण्मयी माझी जुनी विद्यार्थिनी. लातुरात टाकलेली, अपघातातली जनावरं उचलून आणणं, त्यांची मलमपट्टी करणं आणि लोकांच्या गळ्यात मारणं, हे तिचं काम. गळ्यात मारण्याला ती ‘फॉस्टर’ म्हणते. जानेवारीत ती दारात उभी राहिली, हातात दोरी, दोरीच्या टोकाला एक लांबलचक पांढरा कुत्रा. अंगावर तपकिरी ठिपके, शेपटी छडीसारखी बारीक आणि डोळ्यांत असा उत्साह की बघूनच मला थकवा आला.

“पंधरा दिवस ठेवा बाई. घर मिळेपर्यंत.”

त्याची कथा लातुरात नवी नाही. कुठल्यातरी गावाहून आई-बाप पोराला घेऊन इथं येतात, दोन वर्षं घर भाड्यानं घेतात, पोराला ट्युशनच्या घाण्याला जुंपतात. पोरगा डॉक्टरकीला लागला की ट्रक येतो. पुस्तकं रद्दीत जातात, कूलर अर्ध्या किमतीत पुढच्या भाडेकरूला जातो. या लोकांनी कुत्रा आणला होता, तो गेटला बांधून ठेवला. सोबत पाण्याचं घमेलं ठेवलं होतं. माणुसकी म्हणतात ती हीच असावी. मृण्मयीला तो तिसऱ्या दिवशी सापडला, तेव्हा त्यानं गेटचा लाकडी खांब अर्धा कुरतडला होता.

पंधरा दिवसांचे चार महिने झाले. ठिपक्या पॉइंटर जातीचा. इंग्रज साहेबांनी शिकारीला पाळलेली ही जात. दिवसभर माळावर पळायचं, गवतात पाखराचा वास आला की जागच्या जागी थिजायचं आणि नाकानं दाखवायचं: इथं आहे. एवढ्यासाठीच हे जनावर जन्माला येतं. त्याला तुम्ही साडेआठशे फुटांच्या घरात ठेवा आणि मग तुमच्या घराचं काय होतं ते बघा. माझ्या उशा गेल्या, नवऱ्याच्या वेळची छत्री गेली, बैठकीतल्या खुर्चीचा एक पाय गेला. मी रोज पहाटे आणि संध्याकाळी त्याला तास तास चालवायचे. म्हणजे तो ओढायचा आणि मी मागून फरफटायचे. बासष्टाव्या वर्षी माझे दंड पैलवानासारखे झाले.

मी त्याच्यावर प्रेमबिम करत नव्हते. तसं कुणी विचारलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. पण त्याला वाटेल त्याच्या हवाली करायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. एकदा बांधून टाकलेल्याला दुसऱ्यांदा कुणी बांधून टाकलं, तर तो दोष माझा.

म्हणून जाहिरात मीच लिहिली. ‘वय अंदाजे तीन. राखणीला उपयोग शून्य, चोर आला तरी शेपटी हलवील. सहसा भुंकत नाही. रोज दोन तास मोकळा पळवावा लागतो. न पळवल्यास पडदे खातो. पाखरू दिसलं की पुतळा होतो. फ्लॅटवाल्यांनी फोन करू नये.’

“बाई, हे वाचून कोण येईल?” मृण्मयी म्हणाली.

“येणार नाही तो चुकीचाच माणूस असेल.”

चुकीची माणसंही आलीच. पहिला दयानंद, शेजारच्या मुलांच्या वसतिगृहाचा मालक. पांढरे कपडे, मनगटात कडं आणि तोंडात सदानकदा पोरांच्या मार्कांचे आकडे. म्हणाला, “बाई, मला द्या की. गेटला बांधतो. पोरं पिच्चरला पळून जायलेत.”

“मग पोरांना बांधा. कुत्र्यानं काय पाप केलंय?”

त्याचा चेहरा उतरला. “मास्तरीण असून काय भाषा हाय बघा,” एवढं बोलून गेला, आणि दुसऱ्याच आठवड्यात गल्लीच्या सह्यांचा अर्ज माझ्या दारावर चिकटवलेला मिळाला. सदर श्वानामुळे विद्यार्थ्यांच्या एकाग्रतेस बाधा येते. ठिपक्या चार महिन्यांत चारदा भुंकला असेल. दयानंदच्या गेटवरचा लाउडस्पीकर रोज पहाटे पाचला पोरांना उठवतो, त्यानं एकाग्रता वाढत असावी.

एक जण जवळच्या मुरुडहून आला. त्याला ससे मारायला कुत्रा हवा होता. त्याला मी पोलिसांचं नाव सांगितलं.

मग नांदेडचे डॉक्टर आलोक आणि त्यांची बायको मनस्विनी. स्वच्छ माणसं, गोड बोलणारी. गावाबाहेर चार एकरांत बंगला, कंपाउंड, आंब्याची झाडं. ठिपक्या मनस्विनीच्या मांडीवर पुढचे दोन्ही पाय टाकून बसला आणि ती साडी खराब झाली तरी हसत राहिली. मला वाटलं, सुटले. मी चहा ठेवला. चहा पिता पिता ती म्हणाली, “आमच्या मिहिरची पुढच्या वर्षी नीटची परीक्षा आहे ना. समुपदेशकांनी सांगितलंय, घरात प्राणी असला की मुलांचा ताण हलका होतो. तेवढं वर्षभर.”

“वर्षभर म्हणजे?”

“म्हणजे मिहिर कॉलेजला गेला की आम्ही दोघं दिवसभर दवाखान्यात. मग परत तुम्ही आहातच की.”

मी तिच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा होता त्यात. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण ‘ताप आला की गोळी घेतात, कुत्रा घेत नाहीत’ हे नक्की बोलले. डॉक्टर उठून उभे राहिले आणि म्हणाले, “कुत्र्याला घर मिळत नाही ते कुत्र्यामुळे नाही, तुमच्यामुळे.” गाडी गेली. संध्याकाळी मृण्मयीचा फोन. “बाई, एक वर्ष तरी त्याला मोकळं मिळालं असतं हो!” ती रडत होती. मी फोन ठेवला. ती आणि डॉक्टर, दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, आणि त्याचा मला जास्तच राग आला.

एप्रिलच्या शेवटी गल्लीतली दोन मोकाट कुत्री मेली. तोंडाला फेस. कुणी काही पाहिलं नाही, कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दयानंद मला म्हणाला, “बाई, येत्या रविवारी नीट हाय. शनिवारच्या आत तुमचं कुत्रं हलवा. मग म्हणू नका सांगितलं न्हाई.” तेव्हापासून ठिपक्याला फिरवताना मी त्याच्याकडे बघत नव्हते, रस्त्यावरच्या कागदांकडे, पुड्यांकडे बघत होते. तो मात्र तसाच ओढायचा. उत्साहाला विषाची काय खबर.

आता शेषेराव. माझ्या समोरचं मुलींचं वसतिगृह त्यांचं. पंचावन्नच्या आसपासचा, उंच, हाडकुळा माणूस. दिवसभर गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा आणि माझ्या घराकडे बघायचा. अर्जावर पहिली सही त्यांची. किल्लारीच्या पलीकडच्या कुठल्याशा गावाचे, भूकंपात घर गेलेलं, एवढं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. इथं निम्म्या लोकांचं तसं काही ना काही गेलेलं आहे. ते कधी माझ्याशी बोलले नाहीत. नुसते बघायचे. मला वाटायचं, हा माणूस ठिपक्याला मारायची वेळ बघतोय.

मंगळवारी सकाळी साडेदहाची गोष्ट. आदल्या दिवशी पेपरात बातमी होती, जिल्ह्यात कुठंतरी जमिनीतून गूढ आवाज आले, लोक घराबाहेर झोपले. अशी बातमी दोन वर्षांतून एकदा येतेच. वसतिगृहांमधून शेवटची सराव परीक्षा चालू होती. गल्लीत चिटपाखरू नाही असं म्हणणार होते, पण पाखरू होतं. शेषेरावांच्या इमारतीला लागून वाळूचा जुना ढिगारा आहे, त्यावर गवत माजलेलं. ठिपक्या चालता चालता थांबला. एक पुढचा पाय वर. शेपटी सरळ. मान पुढं, नाक इमारतीच्या पायाकडे. सगळं अंग ताणलेलं आणि बारीक थरथरत होतं. मी दोरी ओढली तरी तो हलला नाही.

शेषेराव खुर्चीतून उठले. ठिपक्याकडे बघितलं, इमारतीच्या पायाकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला.

“भाईर निघा!” ते ओरडले. “भाईर निघा, पोरींनो! हालायलंय! सोडा समदं, भाईर निघा!”

असला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. ते आत धावले, जिन्याशी घंटा होती ती बडवायला लागले. पोरी किंचाळत खाली आल्या. ते बघून दयानंदची पोरं आली, मग पलीकडची आली. पाच मिनिटांत गल्लीत दोन-तीनशे पोरं, कुणाच्या हातात पेन, कुणाच्या पायात एकच चप्पल. पूनम नावाची मुलगी पायरीवरून पडली, घोटा धरून बसली. सगळ्यांचे डोळे जमिनीकडे. आणि मधोमध ठिपक्या, एक पाय वर, तसाच.

मग गवतातून एक लावा पक्षी भुर्रकन उडाला आणि भिंतीवरून पलीकडे गेला. ठिपक्यानं पाय खाली टेकला आणि आनंदानं माझ्याकडे बघितलं.

आणि मग मी हसले.

पहिली मीच हसले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लपवून काय उपयोग, सगळ्या गल्लीनं ऐकलं. एकतीस वर्षं मी वर्गात सांगत आले की कुत्र्यांना भूकंप आधी कळतो याला पुरावा नाही, या सांगोवांगीच्या गोष्टी आहेत. ते सगळं त्या हसण्यात आलं. मी हसले म्हणून शेजारचं पोरगं हसलं, त्याच्या मागचं हसलं, आणि मग तीनशे पोरं, महिनोन्‌महिने कोंडलेली, पोट धरधरून हसली. मोबाइल निघाले. “भूकंपकाका!” कुणीतरी ओरडलं. शेषेराव घंटेचा दांडा हातात घेऊन दारात उभे होते. ते माझ्याकडे बघत होते. पोरांकडे नाही, माझ्याकडे.

दुपारी दोनपर्यंत ते चित्रीकरण अख्ख्या लातुरात फिरलं. पालकांचे फोन आले. पाच वाजता दयानंद पंधरा-वीस जणांना घेऊन माझ्या गेटवर.

“पोरीचा पाय मोडला असता म्हणजे? परीक्षा पाच दिवसांवर हाय, बाई!”

“पाय मुरगळलाय. मी बघून आले.”

“तकरार ऐकायला न्हाई आलाव आम्ही. उद्या सकाळपातूर कुत्रं गेलं पाहिजे. न्हाईतर आम्ही घालवतो.”

“हात लावून बघा.”

“हात कशाला लावायचा?” तो शांतपणे म्हणाला आणि सगळे निघून गेले. त्याचा तो शांतपणा ऐकून पहिल्यांदाच मी दिवसाउजेडी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. मृण्मयीला फोन केला. तिच्याकडे जागा नव्हती, नऊ कुत्र्यांना सांसर्गिक आजार झाला होता. “बाई, नांदेडच्या डॉक्टरांना फोन करा. माफी मागा.” मी केला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा मनस्विनीनं उचलला आणि म्हणाली, आम्ही मांजर आणलं.

दिवेलागणीला गेट वाजलं. शेषेराव. एकटेच.

मी ठिपक्याला मागच्या खोलीत कोंडलं आणि मगच दार उघडलं.

“कुत्रं मला द्या,” ते म्हणाले.

“मारायला?”

“मारायचं असतं तर गल्लीतच मारलं असतं. ती दोन मारली तसं.”

“म्हणजे तुम्हीच—”

“मी न्हाई. कुणी मारली ते मला ठावं हाय.” ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. “गावाकडं माझी बहीण हाय. सिंधु. एकटी ऱ्हाती. तिला कुत्रं पाहिजे. चार महिने झालं, मी ह्याला बघायलोय. हे खामखा भुकत न्हाई. काय असलं तरच हुबं ऱ्हातंय. सकाळी बी कायतरी होतंच की तिथं.”

“पाखरू होतं.”

“व्हय. पाखरू होतं. त्यानं पाखरूच दाखवलं. खोटं त्यानं न्हाई सांगितलं, मी काढलं.”

माफी तिथंच मागायला हवी होती. पण जीभ नको तेव्हा सुटते आणि हवी तेव्हा टाळूला चिकटते. मी एवढंच म्हणाले, “जागा बघितल्याशिवाय देणार नाही.”

“बघा. सकाळी सहाला गाडी काढतो.”

तासाभराच्या रस्त्यात ठिपक्या मागच्या सीटवरून पुढं तोंड घालायचा आणि शेषेरावांच्या मानेवर श्वास सोडायचा. त्यांनी मान हलवली नाही की हाकललं नाही. मी तिरक्या नजरेनं त्यांचे हात बघत होते. वाटेत कुठं गाडी थांबली तर काय करायचं, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

नवं गाव म्हणजे भूकंपानंतर वसवलेलं. आखून दिलेल्या ओळी, एकासारखं एक घर आणि दोन घरांमध्ये एवढं अंतर की शेजारणीला हाक मारायची तर पदर खोचून ओरडावं लागावं. सिंधुबाईचं घर शेवटच्या ओळीत. पक्कं घर, पण दाराला कडी आणि अंगणात पत्र्याचं शेड. शेडमध्ये बाज, चूल, भांडी, देव. घरात धान्याची पोती. पन्नाशी उलटलेली, बारीक बांध्याची बाई. तिनं मला पाणी दिलं आणि ठिपक्याकडे बघत राहिली.

“घरात राहत नाही तुम्ही?” मी विचारलं.

“न्हाई. स्लॅबखाली नीज येत न्हाई.” जेवण झालं का सांगावं तसं तिनं सांगितलं. शेषेराव गाडीजवळच उभे होते, पाठ करून. तिनं आवाज उतरवला. “त्या राती आमचं कुत्रं लई भुकत होतं. गणपती बुडवून समदे दमून निजलेले. दादानं उठून त्याला काठीनं हाणलं. गप झालं. मग दादा मळ्यात गेला निजायला. म्हणून ऱ्हायला. घरात सात जण होतो. मी तेवढी निघाले, दुसऱ्या दिशी दुपारी. त्याची बायको आन लेक न्हाई निघाली.”

त्या वर्षी वर्गशिक्षिका म्हणून मी आठवीच्या वर्गाला निबंध घातला होता: भूकंपाचे अनुभव. दहापैकी गुण दिले होते. शुद्धलेखनाचे दोन कापले होते. मला एकदम ते पेपर आठवले.

पण म्हणून काही मी खोटं बोलून कुत्रा खपवणार नव्हते. तिला मी सगळं सांगितलं. “सिंधुबाई, याला भूकंप कळत नाही. कुणालाच कळत नाही. याला पाखरं कळतात. तितर, लावा, होला. दिवसातून पन्नास वेळा असा ताठ उभा राहील आणि प्रत्येक वेळी पाखरूच असेल. त्याच्या भरवशावर राहू नका.”

तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाई, ते हुबं ऱ्हायलं की मी भाईर यीन. पाखरू उडालं की आत जाईन. पन्नास डाव आलं गेलं तर काय बिघडतंय? मला दुसरं काम काय हाय?”

“पण मग त्याचा उपयोग काय?”

“गावातली कुत्री भुकतेत ना राच्याला. कशावर भुकतेत, कवा थांबतेत, काय कळत न्हाई. मी पहाटपातूर बसून असते. ह्याचं बरं हाय. पाखरू उडालं म्हणजे संपलं. संपलं हे तरी कळतंय.”

विज्ञानाच्या कुठल्या पुस्तकात याचं उत्तर आहे? मी ठिपक्याची दोरी सोडली.

घरांच्या पलीकडे, ओढा ओलांडून, जुन्या गावाची जागा आहे. तीस वर्षांत तिथं कुणी घर बांधलेलं नाही. दगडमातीचे ढीग, त्यांवर बोरीबाभळी, कंबरभर गवत, आणि पहाटेपासून ओरडणारे तितर. गुराखीसुद्धा तिथं जात नाहीत, सिंधुबाई म्हणाली. ठिपक्या पहिले काही क्षण माझ्याकडे बघत उभा राहिला, दोरी नाही याचा त्याला विश्वास बसत नव्हता. मग तो सुटला. पोट जमिनीला टेकवून, कान मागे टाकून, त्या सगळ्या पसाऱ्यावरून इकडून तिकडं, तिकडून इकडं. चार महिने मी ज्याला दोन तास चालवलं असं म्हणत होते, तो चार महिने कोंडलेला होता. हे मला तिथं उभं राहून कळलं. माझं घर त्याच्यासाठी काय होतं ते मी सांगायला नको.

सिंधुबाई हसली. तिला हसताना बघून शेषेराव गाडीपासून दोन पावलं पुढं आले. ओढा मात्र ओलांडला नाही.

“आठवड्याला येत जाईन मी,” मी म्हणाले. “त्याला बघायला. सुरुवातीला सवय होईपर्यंत. त्याच्या पोटाचं थोडं—”

“तुम्ही यायचं न्हाई,” शेषेराव म्हणाले.

मी वळून बघितलं.

“कुत्र्याचं समदं बघू आम्ही. दवापाणी, खाणं, समदं. सिंधु त्याला उपाशी ठेवणार न्हाई. पर तुम्ही ह्या गावात पाय ठेवायचा न्हाई.”

“का?”

“तुम्ही पयलं हसलात.”

मी म्हणाले, “चुकलं माझं, शेषेराव. मनापासून सांगते. मला तसं हसायला नको होतं.”

“ऐकलं मी.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला भांडता आलं असतं. “पर तुमचं तोंड दिसलं की ती समदी पोरं हसताना दिसतेत. तिकडं लातुरात दिसू द्या, तिथं मला पोटापाण्यासाठी ऱ्हावंच लागतंय. हितं नको. हितं माझी माणसं हायेत.” त्यांनी ओढ्यापलीकडे बघितलं. “पटत असंल तर कुत्रं ठेवा. न्हाईतर हाक मारा आन घेऊन चला. गाडी हाय.”

सिंधुबाई भावाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

हाक मारली असती तर तो आला असता. त्याला माझा आवाज माहीत होता. गाडीत बसून परत, त्याच गल्लीत, दयानंदच्या शांतपणाशेजारी. नाहीतर हे. चार महिने मी लोकांना हाकलत होते, की याला नीट घर द्या नाहीतर चालते व्हा. घर आता समोर होतं. फक्त त्यात मी नव्हते. मी स्वतःला नेहमी सांगत आले होते की मला या कुत्र्याचं काही नाही. त्या माळावर उभं राहून एवढं धडधडीत खोटं मला पुढं रेटता आलं नाही. मला तो हवा होता. मला त्याला दर आठवड्याला बघायचं होतं, त्याच्या पायांनी घाण झालेली साडी धुवायची होती. मला शेषेरावांचा संताप संताप आला, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं.

दोरी सिंधुबाईच्या हातात दिली. पिशवीत त्याची औषधाची बाटली होती, तीही दिली. “सकाळी भाकरी दुधात कुस्करून. दोनच. तिसरी मागतो, देऊ नका.”

“एसटी फाट्यावरून मिळंल,” शेषेराव म्हणाले. गाडीनं सोडतो म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

फाट्यापर्यंत पाऊण तास चालले. एकदाही मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर हाक मारली असती. लातूरची एसटी आली, खिडकीची जागा मिळाली, आणि गाडी सुटल्यावर मी रडायला लागले. चारचौघांत रडणाऱ्या बायांचा मला जन्मभर तिटकारा. शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर टोपली. तिनं टोपली खाली ठेवली आणि विचारलं, “काय झालं वं माय? कुनी गेलं का?”

“नाही हो,” मी म्हणाले. “घर मिळालं त्याला.”

“मग चांगलंच झालं की.”

“हो,” मी म्हणाले. “चांगलंच झालं.” आणि लातूर येईपर्यंत मला रडू आवरलं नाही.